बाराची टेकडी

प्रिय टिटवे,

परवा फोनवर तू विचारलंस की बाबांना आधी काहीच त्रास नव्हता का, आणि मी गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं. तू माझ्यासाठी खोली रिकामी केलीस, पडदेही लावलेस, आणि मी तुला धड उत्तर देत नाही. म्हणून लिहायला बसले.

बाबांची पार्सलची गाडी कंपनीने नेली. दारात तेलाचा डाग तेवढा राहिलाय, आणि मी अजून तिथून वळसा घालूनच जाते. दिवसभर कोणाशी बोलणं होत नाही. परवा त्यांच्या जागी आलेला नवा ड्रायव्हर फेरीचं विचारायला आला तेव्हा माझा आवाज मलाच घोगरा वाटला. तो बिचारा रडकुंडीला आलाय. रस्ता सांगणारं मशीन दाखवतं त्या जवळच्या रस्त्याने जातो, तर दारोदार कुलूप. त्याला कुठून ठाऊक असणार, की बाबा फेरी उलटी करायचे, लांबची वस्ती आधी, कारण बरोबर बाराला त्यांना टेकडीवर पोचायचं असायचं. साहेब ओरडायचे, डिझेल काय तुझा सासरा देतो का? बाबा म्हणायचे, सासऱ्याने मुलगी दिली, तेवढं पुरे. बावीस वर्षांत लोकांनीही आपली कामं त्या उलट्या फेरीवर बेतली होती.

टेकडीवर गाडीचं मागचं दार उघडून फळीवर बसायचं, डबा खायचा आणि वर घारी बघायच्या. सुट्टीत तुलाही न्यायचे. घरटं दिसलं तर बोट दाखवायचं नाही, नजरेनेच सांगायचं, हा त्यांचा नियम. तू तो कधी पाळला नाहीस. उलट किंचाळायचीस, म्हणून तर टिटवी.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्रास होता. सात महिने होता. खोकं उचललं की छाती धरून उभे राहायचे. डॉक्टरांनी ओझं आणि एकट्याने गाडी चालवणं, दोन्ही बंद सांगितलं. साहेब भला माणूस, त्यांनी काउंटरचं काम दिलं. मागच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, खिडकी नाही. चार दिवस बाबा निमूट गेले. चौथ्या दिवशी घरी आले, चपला काढल्या आणि मला विचारलं, आज वारा होता का गं? बावीस वर्षं मला वाऱ्याच्या बातम्या देणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी मीच म्हणाले, जा गाडीवर. साहेबांना सांगितलं, डॉक्टर हो म्हणालेत. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. मग रोज सकाळी डबा द्यायच्या निमित्ताने मी कंपनीच्या गोदामात जायची आणि जड खोकी गाडीत चढवायची. हमाल हसायचे, वहिनींचा डबा भलताच जड आहे म्हणून. तुला कळवायचं नाही, ही बाबांची अट. टिटवी ओरडत येईल आणि मला घरात डांबेल, म्हणायचे. तू खरंच आली असतीस, आणि कदाचित ते आज असते. फळीवर बसल्या बसल्या गेले, डबा संपलेला होता, एवढंच मी तुला सांगितलं होतं.

तुझ्या खोलीत यायची मला फार इच्छा आहे. हे घर संध्याकाळी खायला उठतं. पण हे पोटात ठेवून तुझ्या हातचं जेवणं मला जमणार नाही. वाचून झाल्यावरही ये म्हणावंसं वाटलं तर कळव. नाही वाटलं तरी कळव, मी वाट बघत बसणार नाही असं काही नाही. फक्त एक विचारू नकोस, पुन्हा तीच सकाळ आली तर काय करशील. मी पुन्हा ‘जा’च म्हणेन.

म्हणू देशील तर अजून तुझीच,
आई