ट्रंकेतलं दुपटं

आये, तुझ्या लुगड्याचं ते दुपटं काल मी न्हाणीच्या चुलीत घातलं. रागावू नकोस, आधी ऐकून घे.

पोर जन्माला आलं की बारशापर्यंत त्याच्या अंगाला कोरं कापड लागू द्यायचं नाही, घरातल्या बाईचं वापरून मऊ झालेलंच हवं, हा तुझा हट्ट. माझ्या लेकीच्या वेळी तू स्वतःचं हिरवं लुगडं फाडून दुपटी शिवलीस. ती त्यात धडधाकट वाढली. मग ‘तिच्या पोरांना होतील गो बाय,’ म्हणत धुऊन ट्रंकेत ठेवलीस आणि वर मूठभर डांबरगोळ्या टाकल्यास. आपल्या पावसाळ्यात दुसरं करणार तरी काय? ठेवणीतल्या कपड्यांना बघता बघता बुरशी धरते. पूर्वी बाबा त्या गोळ्या मुंबईहून आणायचे आणि तू त्या दागिन्यांसारख्या जपायचीस. एकदा मला वाटलं पेपरमिट. तोंडाकडे नेते न नेते तोच तू असा धपाटा घातलास की गोळी पार पडवीत जाऊन पडली. ‘मरशील की गो कारटे!’ म्हणालीस आणि मलाच पोटाशी धरून रडत बसलीस. मार खाल्ला मी आणि रडतेस तू! खाल्ली तर विष, एवढं तुला ठाऊक होतं. नुसत्या वासाचं आपल्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. तू गेल्यावर मीही दर वर्षी नव्या गोळ्या टाकत आले. ट्रंक उघडली की तू शेजारी येऊन बसल्यासारखी वाटायचीस.

यंदा लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली. मुलगा झाला. घरी आणल्याबरोबर मी त्याला तुझ्या दुपट्यात गुंडाळलं, नुसतं झटकून, न धुता. धुतलं तर तुझा वास जाईल ना! आठवडा व्हायच्या आत पोर पिवळं पडलं. दूध ओढेना, लंगोटावर काळ्या चहासारखे डाग. धावतपळत रत्नागिरीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला हातात घेतलं आणि आधी दुपटं नाकाशी धरलं. ‘डांबरगोळ्यांत ठेवलेलं का?’ काही पोरांच्या रक्तात जन्मतःच एक कमतरता असते, म्हणाल्या. आईकडून लेकीला, लेकीकडून तिच्या मुलाला येते. एरवी कळतही नाही, पण अशा पोराच्या अंगात हा वास गेला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत जातात. त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं, रक्त दिलं. वाचला गो. आता भोकाड पसरून सगळी वाडी डोक्यावर घेतो.

पण तिथं इस्पितळाच्या बाकावर मला माझा धाकटा भाऊ आठवला. मी पाच-सहा वर्षांची होते. तोही असाच पिवळा झालेला, तोही तुझ्या ट्रंकेतल्या दुपट्यात. तेव्हा कोण रक्त तपासतंय? आजी म्हणाली, तू त्याला तिन्हीसांजेला अंगणात नेलंस म्हणून गेला. ते बोलणं तू मरेपर्यंत उरात घेऊन वावरलीस. दिवेलागण झाली की माझ्या लेकीलाही उंबरठ्याबाहेर नेऊ द्यायची नाहीस. आये, त्या अंगणाचा काही दोष नव्हता गो! हे तुला ओरडून सांगावंसं वाटतं. पण एवढं सांगितलं की पुढचंही सांगावं लागेल, आणि ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. नक्की तसंच झालं असेल, हे तरी आता कोण सांगणार?

म्हणून तुला लिहिलेले हे कागदही त्याच चुलीत जातील. काल दुपटं जळत होतं तेव्हा लेक बाळाला घेऊन लांब दारात उभी राहिली. ‘आई, आजीचं बाळ कशानं गेलं होतं गं?’

मी चुलीकडे बघतच म्हटलं, ‘तापानं.’