डार्सीचा दोनशेवा आणि माझा बॅनर

मंगळवार, ४ जून
वुरिंगा फुटबॉल क्लबची मीटिंग. अध्यक्षबाई रोंडाने छापील बॅनरचा विषय काढला. शहरातली कुठलीशी कंपनी कापडाचा करून देते. क्लबचा लाल-पांढरा रंग, वर चिन्ह, मधोमध वेल्क्रो. खेळाडू धावत आला की दोन्ही पल्ले उघडतात, मग पुन्हा चिकटवायचे. नाव आणि आकडा बदलला की पुढच्या माणसाला तोच.

मी उभा राहिलो. म्हणालो, बॅनर कागदाचा असतो. कुणाचा शंभरावा, दोनशेवा सामना असला की तो पुढे, टीम मागे, अशी सगळी त्यातून धावत मैदानात शिरतात, कागद टराटरा फाटतो, लोक ओरडतात. संपलं. एकाच्या केकवरचं नाव पुसून दुसऱ्याचा वाढदिवस करतात का?

टाळ्या पडल्या नाहीत. विचार करत असावेत.

शेवटी ठरलं की सहा जुलैला डार्सी हूलिहनचा दोनशेवा आहे, त्याचा बॅनर मीच करायचा. रोंडा म्हणाली, नेव्ह, ही शेवटची संधी हं. म्हणजे माझ्यावर विश्वास आहे.

बुधवार, ५ जून
गेल्या वर्षीच्या बॅनरबद्दल लोक अजून बोलतात. त्यात माझा काडीचा दोष नव्हता. वारा होता. खेळाडू खोलीबाहेर यायच्या आतच बॅनरचे दोन तुकडे झाले आणि त्यातला एक सॉसेज भाजायच्या तव्यावर जाऊन बसला. सॉसेज जरा लाल झाले. कुणाला काही झालं नाही.

संकल्प: आजपासून रोज एक तास. आधी कविता, मग कागद. आणि या वेळी माझा बॅनर वाऱ्याच्या बापालाही फाडता येणार नाही.

रविवार, ९ जून
सुरुवात केली नाही. आमच्या ऑस्ट्रेलियात जून म्हणजे ऐन हिवाळा, आणि क्रेप कागद थंडीत ताठरतो. हे बाहेरच्यांना कळायचं नाही. ग्लेनिस म्हणाली की तो कागद आहे, तुझा गुडघा नव्हे. बायकोला कलेची कदर नसली की असं होतं.

गुडघ्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मी वुरिंगासाठी एकोणपन्नास सामने खेळलो. पन्नासाव्याच्या आठवड्यात गुडघा गेला. पहिला बॅनर पन्नासाव्याला मिळतो, म्हणून मला मिळाला नाही. त्याचं मला काही वाटत नाही. इतरांसाठी किती केले याची मोजदाद मी ठेवत नाही. एकशे बारा.

सोमवार, १७ जून
कविता झाली. बॅनरवर कविता पाहिजेच, नाहीतर ते नुसतं दुकानाचं पाटीकाम.

गोलापाशी उभा डार्सी, जणू दगडी भिंत,
दोनशे सामने खेळून झाले, नाही कसली खंत!

तीनदा मोठ्याने वाचली. ग्लेनिसने विचारलं की खंत कसली असायला हवी होती. मी चौथ्यांदा वाचली. डार्सी प्लंबर आहे, शंभर किलोचा आहे, त्याला कळेल.

शनिवार, २२ जून
पाऊस. सामना हरलो. बॅनरच्या कामाला पावसात हात लावत नाही, लाल रंग पांढऱ्यावर उतरतो. रोंडा कॅन्टीनपाशी भेटली. म्हणाली, काय रे, कुठवर आलं? म्हटलं, डोक्यात पूर्ण आहे. ती म्हणाली, डोकं मैदानात उभं करणार आहेस का. क्लबच्या अध्यक्षाने असं बोलू नये.

रविवार, ३० जून
आज हॉलच्या फरशीवर काम सुरू केलं. मदतीला वीसजणांना सांगितलं होतं. आल्या ग्लेनिस आणि तिची मैत्रीण मॉरीन. लोक असेच, बॅनर फाटताना सगळे हजर, चिकटवताना कुणी नाही. मी देखरेख केली.

कागदाच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या, अक्षरं कापली. मॉरीनने दगडी मधला ग उलटा चिकटवला. लांबून दिसत नाही.

गुरुवार, ४ जुलै
आजचा दिवस इतिहासात जाणार.

चिकटपट्टीचा प्रश्न होता. साधी पट्टी वाऱ्यापुढे टिकत नाही, हे दुधाने पोळलेल्या माणसाला सांगायला नको. शेडमध्ये शोधता शोधता हाताला लागली ती ताडपत्रीची टेप. सायलोवर, म्हणजे धान्याच्या कोठारावर, नोकरीला होतो तेव्हा धान्याच्या डोंगरांवरच्या ताडपत्र्या आम्ही हिनेच जोडायचो. वादळं आली, काकाकुवांनी चोची मारल्या, ताडपत्र्या हलल्या नाहीत. बॅनरच्या मागून आडवी लावली, उभी लावली, मग तिरपी.

ग्लेनिस म्हणाली, मधली शिवण मोकळी सोड ना, नेहमीसारखी. म्हटलं, नेहमीसारखी सोडली म्हणूनच वाऱ्याने नेला. ती म्हणाली, अरे पण फाटेल ना? म्हटलं, बाई, फाटायला नको म्हणूनच तर एवढा खटाटोप! तिने मॉरीनकडे बघितलं आणि कात्र्या गोळा करायला घेतल्या. पटलं असणार.

शनिवार, ६ जुलै, सकाळ
वारा जबरदस्त. उत्तम! दाखवूनच देतो सगळ्यांना.

शनिवार, ६ जुलै, संध्याकाळ
जे झालं ते क्रमाने लिहितो, कारण गावात भलतंच सांगितलं जाणार आहे.

बॅनर उभा केला. चार माणसं, दोन खांब. वाऱ्यात पाहुण्यांच्या झेंड्याची लक्तरं झाली, पण माझा बॅनर ढिम्म. पाहुण्या टिनामोर संघाचे लोकसुद्धा बघत राहिले. मी रोंडाकडे पाहिलं. ती मान्य करत होती, चेहऱ्यावर दिसत होतं.

मग डार्सी आला. मागे अख्खी टीम. मैदानाभोवतीच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. डार्सी खांदा पुढे करून धावला आणि बॅनरमध्ये शिरला. म्हणजे शिरला नाही. बॅनर त्याला घेऊन हातभर मागे गेला, थांबला आणि त्याने डार्सीला परत देऊन टाकलं. डार्सी पाठीवर. त्याच्यावर मागची तीन पोरं. खांब धरणारे चौघे एकमेकांना जाऊन भिडले.

एकही फाट नाही. हे कुणीच लक्षात घेत नाही.

पोरांनी दुसऱ्यांदा धडक दिली. परत आली. तिसऱ्या वेळी दोघं खालून रांगत गेले. टिनामोरच्या बाजूने कुणीतरी ओरडलं की डार्सी कसली भिंत, भिंत तर हा कागद आहे, यालाच खेळवा! त्यांचं अख्खं कुंपण हसलं. आपलंही. शेवटी ग्लेनिस कॅन्टीनमधून कांदे चिरायची सुरी घेऊन आली आणि तिने तो मधून, बरोबर शिवणीवर, वरपासून खालपर्यंत कापला. तिला शिवण कुठे आहे ते नेमकं ठाऊक होतं.

डार्सीचा घोटा सुजला. खेळला नाही.

सोमवार, ८ जुलै
नीट विचार केला. डार्सी खेळला नाही, म्हणजे दोनशेवा झालाच नाही. म्हणजे बॅनर पुन्हा लागणार. वाईटातून चांगलं निघतं ते असं. फक्त टेप थोडी कमी.

मंगळवार, ९ जुलै
रोंडाने कापडाचा मागवला.

बुधवार, १० जुलै
राजीनामा लिहून नेऊन दिला. रोंडाने वाचला आणि म्हणाली की नेव्ह, कशाचा राजीनामा, असं पदच नाही आपल्याकडे. तीस वर्षं तू करत होतास, कुणी नको म्हटलं नाही, एवढंच. मी म्हटलं, मग पद निर्माण करा, म्हणजे मला सोडता येईल. ती हसली. मी हसलो नाही.

घरी येऊन शेड आवरली. उरलेला लाल कागद बंबात घालायला काढला होता, पण घातला नाही. वाईट वाटलं. लिहून टाकलं, झालं.

रविवार, २१ जुलै
डार्सी लंगडत घरी आला. मला वाटलं भांडायला. स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करून गेला. जाताना म्हणाला, तीन तारखेला खेळतोय, येशील ना? म्हटलं, त्या दिवशी काम आहे. ग्लेनिसने विचारलं, कसलं काम? बायका नको तिथे नको ते विचारतात.

शुक्रवार, २ ऑगस्ट
संकल्प: उद्या जाईन, क्लबशी वैर नाही. पण गाडीतून उतरणार नाही. गाडी मैदानाकडे पाठ करून लावीन. बॅनरच्या वेळी हॉर्न वाजवणार नाही. मला कुणी वाजवायला लावू शकत नाही.

शनिवार, ३ ऑगस्ट
गाडी पाठ करून लावली. आरशात दिसत होतं, त्याला माझा इलाज नाही.

कापडाचा बॅनर उभा राहिला. चापूनचोपून, एक सुरकुती नाही. कविता नाही. नाव, आकडा, चिन्ह. डार्सी धावत आला, वेल्क्रो खर्रकन उघडला, तो पलीकडे. गाड्यांचे हॉर्न. काही दम नाही त्यात. माझा हॉर्न वाजला तो ग्लेनिसच्या कोपराने.

मग खांब धरणारी माणसं हललीच नाहीत. पल्ले पुन्हा चिकटवले, नावाची पट्टी काढली, दुसरी लावली. आरशात अक्षरं उलटी दिसतात, म्हणून वेळ लागला. नेव्हिल ट्रेम्बाथ. त्याच्याखाली: पन्नास.

डार्सी गाडीपाशी आला, काच ठोकली. म्हणाला, चल रे म्हाताऱ्या, पंच खोळंबलेत. म्हटलं, मी एकोणपन्नासच खेळलोय, खोटं लिहू नका. तो म्हणाला, सहा जुलैला मैदानात सगळ्यात जास्त मार दिलास तो तूच, तो सामना तुझ्या नावावर धरलाय आम्ही. कुंपणावरचे हसले. म्हटलं, आणि कापडाच्या बॅनरमधून मी जाणार नाही, माझं मत सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं आणि उतरलो. गुडघ्यासाठी पाय मोकळे करायचेच होते.

धावलो नाही. चाललो भरभर. टीम मागे. जवळ गेल्यावर माझं नाव केवढं मोठं आहे ते कळलं. हात लावला मात्र, खर्रकन उघडला. पलीकडे गवत, ऊन, आणि हॉर्न वाजत होते. डोळ्यांत काहीतरी गेलं. वारा होता.

फोटो नीट आला नसणार म्हणून पुन्हा लावायला सांगितला. दोनदा. सामना उशिरा सुरू झाला याचं खापर रोंडा माझ्यावर फोडते आहे, ते अन्यायाचं आहे.

रविवार, ४ ऑगस्ट
बॅनर ठेवायला कोरडी जागा हवी म्हणून रोंडा आमच्या शेडमध्ये टाकून गेली. नावाची पट्टी कुणी काढली नव्हती. दमट होता, तेव्हा मागच्या अंगणात कपड्यांच्या तारेवर वाळत घातला. वेल्क्रोत गवत अडकलं होतं ते दात घासायच्या जुन्या ब्रशने काढलं. असल्या वस्तू नीट ठेवायला माणूस लागतो.

वेल्क्रोबद्दल माझं मत कायम आहे. ते मी मीटिंगमध्ये पुन्हा मांडणार.

ग्लेनिसने खिडकीतून हाक मारली की चहा गार झाला, आणि आता किती वेळा जाणार आहेस त्यातून? म्हटलं, तपासतोय. ती म्हणाली, सातवी वेळ आहे.

आठवी. तिचं मोजण्याकडे कधीच लक्ष नसतं.