अरुणाच्या वाफ्यातलं काटेरी झाड

हाउन्सलो, ९ जुलै २००६

आदरणीय गिरीशराव,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, हे अरुणाने फोनवर सांगितलं. (जावयाचं पत्र म्हणजे काहीतरी मागणं असणार, असं वहिनी म्हणतील. यावेळी काही नाही.)

कळवायचं एवढंच, की तुमच्या बहिणीच्या वाफ्यातलं ते काटेरी झाड मी उपटलं. कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या आमच्या बागेच्या तुकड्यात तिने ते तीन वर्षं मेलन्कॉली थिसल म्हणून वाढवलं. (तुमच्या माळरानावरच्या काटेरी उत्कटाऱ्याचा इकडच्या डोंगरी कुरणांतला चुलतभाऊ, असं तीच सांगते. शिकवण तुमची.) यंदा पहिली कळी धरली आणि ही तुमच्याकडे पुण्याला आली. जाताना बजावून गेली, "शंका आली तर नुसता हात लावून बघा. खऱ्याला काटे नसतात."

शंका मला नव्हतीच. बागेचे सेक्रेटरी पर्सीसाहेब शेडमागे चहा पिता पिता आमच्या वाफ्यावरून कुणाला तरी म्हणाले, "गोदामं चालवतो खरा, पण यांच्या घरात तण कुठलं आणि फूल कुठलं, कुणाला कळत नाही." माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत, विमानतळावर पेट्या उचलायचो तेव्हा पाठीमागची कुजबुज ऐकूनच धंदा शिकलो. सव्वीस वर्षं असलं ऐकून हसत आलोय. (त्या हसण्यावरच तीन गोदामं उभी आहेत.) त्या दिवशीही हसलो, "बरोबर आहे तुमचं," म्हणालो, चामड्याचे जाड हातमोजे चढवले आणि कळीसकट, मुळासकट उपटलं. साहेबांनी पाठ थोपटली, चहा पाजला. बिनसाखरेचा. तोही हसत प्यालो.

तण होतं, गेलं. वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही.

आईंना नमस्कार सांगा.

आपला,
उदय

ता. क. सोबत त्या झाडाचं पान ठेवलंय. तुम्ही जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलंत. महिनाअखेरीस अरुणा विमानात बसायच्या आत, तिच्यासमोर चष्मा लावून पान बघा आणि हे तणच आहे म्हणून सांगा.

आणखी एक. पानाचं आतलं पाकीट जपून उघडा, टोचेल. ते पान बसस्टॉपमागच्या रानटी झाडाचं आहे. अरुणाच्या रोपाचं माझ्या खिशात आहे; वरून हिरवं, खालून कापसासारखं पांढरं. हातमोजे काढल्यावर गालाला लावून पाहिलं. कुठेही टोचलं नाही. तुमचा शब्द ती मानेल. मी तिचा मानला नाही, एवढं मात्र तिला सांगू नका.