‘अंजीर’वरची रेघ

सर, आज तुमच्यावर इतका राग आलाय, की तुम्ही असतात तर दारात येऊन भांडले असते. परवा तुमच्या सूनबाईंचा फोन आला. घर विकायचंय, मासिकांचे गठ्ठे रद्दीत जातील, नेताय का, म्हणाल्या. रिक्षात घालून आणले. तीच डिझाईनची डच मासिकं, वेरूळला ओळख झालेल्या पाहुण्यानं तुम्हाला हॉलंडहून पाठवलेली. आर्ट कॉलेजात तुम्ही ती वर्गासमोर धरायचात, पण हात लावू द्यायचा नाहीत. पान उलटलं की आम्ही श्वास रोखून बघायचो.

शेवटच्या वर्षी मी खुलताबादच्या अंजिरांचं पोस्टर केलं. ‘अंजीर’ एवढंच, पानभर, जाड अक्षरांत. तुम्ही कटर माझ्या हातात दिलात. “ही वरची रेघ काप. तिनंच सगळं डिझाईन मारलंय. डच लोकांची अक्षरं बघ, कशी मोकळी उभी असतात.”

“सर, रेघ काढली तर वाचता नाही येणार.”

“करमाड गावची ना तू? मग लग्नपत्रिकाच कर जन्मभर.”

वर्ग हसला. मी रेघ कापली. प्रदर्शनाला आई एसटीनं आली. प्रौढांच्या वर्गात जाऊन ती नुकतीच वाचायला शिकली होती. पोस्टरपुढं किती तरी वेळ उभी राहिली. “हे काय लिवलंय गं? मला वाचायलाच यीना. इसरले का काय मी?” तुम्ही शेजारीच होतात. ऐकलंत, आणि परीक्षकांना चहाला घेऊन गेलात. “मावशी, तुमचं काही चुकलं नाही,” एवढं म्हणायला काय लागत होतं हो?

काल दुपारभर फरशीवर ते अंक पसरून बसले, मोबाईल धरून भाषांतर वाचत गेले. पानापानावर भांडण आहे, सर! एक डिझायनर म्हणतो, अक्षर साफ असावं, गप्प असावं. दुसरा विचारतो, कुणाच्या सोयीसाठी? त्यांचं आपसातलं, त्यांच्या भाषेतलं भांडण. तुम्हाला डच येत नव्हतं. तुम्ही नुसती पानं बघितलीत आणि त्यांच्या भांडणाचा आमच्यासाठी कायदा करून टाकलात. तो माझ्या आईवर चालवलात. त्यानंतर माझं कुठलंही काम बघायला ती आली नाही. “मला कुठं वाचता येतंय,” म्हणायची, अगदी शेवटपर्यंत. हे मी माफ करणार नाही. तुम्ही चांगले शिक्षक होतात असं लोक म्हणतात तेव्हा मी उठून जाते.

हे पत्र कुणाला पाठवायचं? सूनबाईंचा नवा पत्ता आहे, पण त्यांचा काय दोष. राहू दे इथंच, या अंकांत. एक मात्र खरं. एका अंकात लालभडक पानावर एकच पिवळं अक्षर आहे, कडेला कलंडलेलं. ते दिसलं तेव्हा घरात कुणी नव्हतं, आणि मी मोठ्यानं म्हणाले, “सर, हे बघा!”