डेल हॅस्कर, वॉलनटचा पूल आणि मी

सोमवार, ५ फेब्रुवारी १९९६. टोपेका.

आज बिल मांडलं. पेट्रोलवर गॅलनमागे दोन सेंट जादा कर, आणि तो पैसा फक्त गावाकडच्या पुलांसाठी. इतकी वर्षं इथे राजधानीत आमदार म्हणून येतोय, पण स्वतःच्या डोक्यातून निघालेलं हे पहिलंच बिल.

आमच्या वॉलनट नाल्यावरचा पूल आता भरलेली बस पेलत नाही. शाळेची बस चालवणारी नॉर्मा टेव्स बस पुलाच्या अलीकडे थांबवते आणि मुलांना उतरवते. मुलं वाऱ्यातून पूल चालत ओलांडतात, मागून रिकामी बस हळूहळू येते, पलीकडे मुलं परत चढतात. जानेवारीत पहिलीतल्या एका मुलीची टोपी उडाली आणि ती टोपीमागे उलटी बसकडेच धावली. नॉर्माने ब्रेक दाबला.

मी कॉन्झर्व्हेटिव्ह. वडीलही तेच, आजोबाही. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच, की छप्पर गळायला लागायच्या आधी शिडी लावून वर चढायचं.

समितीत सगळ्यांनी माना डोलावल्या. काहीही झालं तरी हे बिल सोडायचं नाही. लिहून ठेवलं. म्हणजे तो प्रश्न मिटला.

बुधवार, ७ फेब्रुवारी.

ऑफिसमधल्या मिसेस गुडर म्हणाल्या, डेल हॅस्कर त्याच्या रेडिओवरच्या राजकीय कार्यक्रमात माझ्याबद्दल बोलला. मी सांगितलं, मी असले कार्यक्रम ऐकत नाही.

गाडीत चुकून लागला. पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून जेमतेम तासभर चुकून ऐकला. हॅस्कर म्हणाला, "कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवतो आणि कर वाढवतो. नाव लॉयल पेन्नर. लॉयल, पण कुणाशी?" मग पाठीमागे काचा फुटल्याचा आवाज लावला.

मी हसलो. हसू जरा बारीक आलं. थंडी फार आहे.

गुरुवार, ८ फेब्रुवारी.

सकाळपासून फोन थांबेना. प्रत्येक जण मला गद्दार म्हणतो आणि मग टॅक्स कसला आहे ते विचारतो. मिसेस गुडर म्हणाल्या, यातले निम्मेअधिक आपल्या मतदारसंघातले नाहीत, एक तर ओक्लाहोमातला आहे. मी म्हणालो, नागरिक तो नागरिक. पण ओक्लाहोमातला माणूस चिडून इथे यायला किती वेळ लागेल, हे मी नकाशावर पाहिलं. फार नाही लागणार.

शेजारच्या बाकावरच्या क्लिफ बेअर्डने बिलावर माझ्यासोबत सही केली होती. आज त्याने ती काढून घेतली. कारण विचारलं तर म्हणाला, दाढ दुखतेय.

मी डगमगणार नाही. जेवण खोलीवरच मागवलं. बाहेर बर्फ आहे म्हणून.

शनिवार, १० फेब्रुवारी. घरी.

केस कापायला एमेटकडे गेलो. त्याच्याकडे रेडिओ चालूच असतो. खुर्च्यांवर चार माणसं होती, मी शिरलो तशी गप्प झाली. तशी ती नेहमीच गप्प असतात. पण आज जास्त गप्प होती.

मान साफ करताना एमेटने विचारलं, ते दोन सेंट खरंच आपल्या पुलाला मिळणार का. मी म्हणालो, सगळ्याच बाजूंचा विचार चालू आहे. मानेवर वस्तरा असताना कराबद्दल ठाम बोलायचं नाही, हे माझं धोरण आहे. आजपासून.

सोमवार, १९ फेब्रुवारी.

हॅस्करने आमचा घरचा नंबर रेडिओवर सांगितला. दोनदा. दुसऱ्यांदा सावकाश.

घाबरत घाबरत बायकोला, आर्डिसला, फोन लावला, तर लाइन सतत बिझी. शेवटी संध्याकाळी लागला. मला वाटलं रडत असेल. ती म्हणाली, बरीच माणसं येऊन गेली फोनवर. ती प्रत्येकाला गाव विचारते, मग पुलाचं सांगते. सलायना गावचा एक म्हातारा शिव्या द्यायला आला आणि अर्धा तास गुडघ्याबद्दल बोलला. त्याला कुठलंसं तेल सांगितलंय तिने.

मी म्हणालो, वायर काढून ठेव, तुला या लोकांची कल्पना नाही.

"ते माणसंच आहेत, लॉयल," ती म्हणाली. "तू दिवसभर कुणाशी बोलतोस?"

बायका राजकारणात फार भोळ्या असतात.

शुक्रवार, १ मार्च.

हे नीट लिहून ठेवतो. माझं काही बरंवाईट झालं तर उपयोगी पडेल.

टोपेकाहून घरी निघालो. गावाबाहेर पडताच मागे एक पिकअप लागला. मी हळू झालो, तो हळू झाला. मी वेग वाढवला, त्याने वाढवला. दिवे उघडझाप करत होता. रेडिओ बंद करावा असं वाटलं, पण हॅस्कर नेमका माझ्याबद्दलच बोलत होता, आणि हल्ला होणार असेल तर आधी त्याच्याकडूनच कळलं असतं.

वाटेत एम्पोरिया गावाजवळ पेट्रोल पंप दिसला, तिथे वळलो. तोही वळला. धिप्पाड माणूस. खिडकीशी आला. मी दार आतून लावून घेतलं.

माझा कोट दारात अडकून बाहेर रस्त्यावर घासत होता, ते सांगायला आला होता तो.

मग विचारलं, "काय करता तुम्ही?" मी म्हणालो, विम्याचं काम. नाव विचारलं, तर मी बेअर्ड सांगितलं. का, ते नक्की सांगता येत नाही. चांगला माणूस होता. त्याने घरचा एक डोनट दिला. मी तो खाल्ला नाही. खबरदारी.

मंगळवार, १२ मार्च.

डावपेच ठरला. दोन सेंटऐवजी एक सेंट. ही माघार नाही, शत्रूला गोंधळात टाकणं आहे.

दुपार. हॅस्कर गोंधळला नाही. म्हणाला, "रक्त यायला लागलंय. दाबत राहा."

संध्याकाळ. नवा डावपेच. एक सेंटही नको, आधी पुलांचा अभ्यास करू. पण प्रतोदाने सांगितलं की आता बिल बदलता येणार नाही, आहे तसंच मतदानाला येईल. पुढच्या गुरुवारी. मत कसं द्यायचं ते पक्ष सांगणार नाही, ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

प्रतोदाच्या टेबलावर बारीक आवाजात रेडिओ चालू होता. आम्हा सगळ्यांच्याच ऑफिसात असतो हल्ली. सकाळी कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तरी हॅस्करचा एक शब्द चुकत नाही.

बुधवार, २० मार्च.

उद्या मतदान. बेरीज काठावर आहे. मिसेस गुडर म्हणाल्या, सगळे आपापल्या जागी राहिले तर एका मताने पास होतंय. अभिनंदन पण केलं.

हॅस्करने सांगितलं आहे की जो जो "हो" म्हणेल, त्याचं नाव, गाव आणि घराचा रस्ता तो परवा वाचून दाखवेल.

मी शांत आहे. हात थंड पडलेत, पण तो रक्ताभिसरणाचा प्रश्न आहे. मी "हो" म्हणणार. माझंच बिल आहे.

गुरुवार, २१ मार्च.

सभागृहात वर प्रेक्षकांच्या सज्जात शाळेची मुलं होती. आमचीच, वॉलनटची. नॉर्मा त्यांना सहलीला घेऊन आली होती. मला आधी कुणी कळवलं नव्हतं, किंवा मिसेस गुडरनी सांगितलं असेल आणि मी रेडिओ ऐकत असेन. मुलांनी हात हलवले. ती टोपीवाली मुलगी पुढेच होती, कठड्यावर हनुवटी टेकून.

भिंतीवरच्या बोर्डावर सगळ्यांची नावं असतात. हिरवा दिवा हो, लाल दिवा नाही. माझं बोट हिरव्या बटणावर होतं. शपथेवर सांगतो. मग कोपऱ्यात कुणाच्या तरी खिशातल्या रेडिओत कुणीतरी खोकलं. हॅस्करच असेल असंही नाही. पण मला आमच्या घराचा रस्ता त्याच्या आवाजात ऐकू आला. टपालपेटीपासून डावीकडे.

बिल एका मताने पडलं.

बाहेर जिन्यात नॉर्मा भेटली. मी बोलायला लागलो की सभागृहाची कार्यपद्धती फार गुंतागुंतीची असते. ती ऐकून घेत होती. मग मुलीने तिला विचारलं, आपल्या माणसाचा दिवा लाल का होता.

"चूक झाली असेल," नॉर्मा म्हणाली. "चल, बस थांबलीये."

नॉर्मानेच चूक म्हटलं, म्हणजे तिने समजून घेतलंय.

शुक्रवार, २२ मार्च.

हॅस्कर म्हणाला, पेन्नर शुद्धीवर आला. एवढंच, आणि लगेच गाद्यांची जाहिरात. पण ते कसं म्हणाला ते महत्त्वाचं. आपुलकीने म्हणाला.

छान झोप लागली. नीट विचार केला तर करवाढीला विरोध हेच माझं मूळ मत होतं. सरकारने पूल बांधायचे म्हटलं की माणसं पोहायला शिकत नाहीत. हे वाक्य माझं की त्याचं, आठवत नाही.

सोमवार, ८ एप्रिल. घरी.

आर्डिस रोज सकाळी पुलावर जाते. लहान मुलांचे हात धरून त्यांना पलीकडे नेते. स्वयंपाक करते, वाढते, मीठ मागितलं तर देते. मी म्हणालो, आमदाराची बायको रोज तिथे उभी राहिली तर त्याचा अर्थ वेगळा निघेल. तिने हातमोजे घातले आणि गेली.

गुरुवार, २ मे.

हॅस्करने आज नवाच प्रश्न काढला. विरोधात मत दिलं ते ठीक, पण असलं बिल मुळात आणलंच कुणी? मग स्टुडिओत आमच्याच मतदारसंघातला ट्रेंट वीबी आला. होड्या विकतो. ऑगस्टमध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत तो माझ्याविरुद्ध उभा राहणार. हॅस्कर त्याला "खरा कॉन्झर्व्हेटिव्ह" म्हणाला.

मग मी कोण? आजोबांपासून इथे आहोत. दुपारभर पडदे ओढून बसलो. उन्हामुळे.

बुधवार, २२ मे. घरी.

आता बास. ठरलं. मी हॅस्करला फोन करणार आणि खरं तेच सांगणार. पूल धोक्याचा आहे, मी घाबरलो, चुकलो, ते बिल परत आणणार. सकाळी आर्डिसला मोठ्याने सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, किती दिवसांनी. स्वयंपाकघरातला रेडिओ स्वतः लावला आणि बटाटे घेऊन समोर बसली. मी आतल्या खोलीतून फोन लावला.

बराच वेळ थांबवून ठेवलं. मनात वाक्यं घोकत होतो. पूल, मुलं, चूक. पूल, मुलं, चूक. मग एकदम त्याचा आवाज, थेट कानात. गाडीतल्यापेक्षा कितीतरी मऊ.

"खुद्द लॉयल पेन्नर. बोला, साहेब."

मी म्हणालो, "डेल, आधी तुमचे आभार मानायचे होते."

मग आणखीही काही म्हणालो. त्याचं सगळं पटल्यासारखं. त्याने मध्येच तोडून विचारलं, हे सगळं पटतं तर बिल आणलं कशाला. कानात नुसती खरखर. तिकडे हजारो माणसं श्वास रोखून बसली असतील असं वाटलं.

मी म्हणालो, "घरून जरा दबाव होता. मिसेसचा."

हॅस्कर खूप हसला. सगळ्या नवऱ्यांची सहानुभूती माझ्याकडे आहे म्हणाला. मीही हसलो. एकंदरीत मुलाखत चांगली झाली.

स्वयंपाकघरात आलो तर रेडिओ बंद. बटाटे अर्धे सोललेले, पाण्यात. गाडी दारात नव्हती.

सोमवार, १० जून.

अर्ज भरायची मुदत आज संपली. पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत आमच्या जागेसाठी तिघं. ट्रेंट वीबी, मी, आणि आर्डिस पेन्नर.

तिने आणि नॉर्माने मागच्याच आठवड्यात टोपेकाला जाऊन अर्ज भरला. मला वर्तमानपत्रातून कळलं. रात्री जेवताना विचारलं तर म्हणाली, "दबावच टाकायचा तर घरातून कशाला?"

मी तिला समजावलं, हॅस्कर काय करेल तुला माहीत नाही. नाव घेईल, रस्ता सांगेल, माणसं मागे लागतील. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ओसरीवर तिच्या प्रचाराच्या पाट्या पडल्यात, जड आहेत, तेवढ्या गाडीत ठेवशील का.

ठेवल्या. मजकुराची बाजू खाली करून, म्हणजे रस्त्यावरून कुणाला दिसायला नको.