पंखाच्या टोकाचे दोन ठिपके

१ फेब्रुवारी, रविवार

विमानाच्या संचाचा खोका उघडला. दोन वर्षं कपाटावर पडून होता, वर आईच्या गोधड्या. एकही भाग हरवलेला नाही — मोजले. अठ्ठ्याऐंशी.

झाकणाच्या आतल्या बाजूला साहिलदादाने पेन्सिलीने काढलेलं चित्र तसंच आहे. साधं प्रवासी विमान आणि त्याच्या पाठीवर मोठी गोल तबकडी. खाली त्याचं अक्षर — ‘असतं तर’. या जातीच्या प्रवासी विमानाचं असं रडारचं विमान कुठल्याच देशाने बनवलेलं नाही. बनवलं असतं तर कसं दिसलं असतं, ते आपण करायचं. संच नुसत्या प्रवासी विमानाचा. तबकडी, तिचे खांब, अँटेना, काहीच त्यात मिळत नाही. ते आपल्या हाताने घडवायचं, हीच तर गंमत, असं दादा म्हणायचा. दोघं मिळून करू, म्हणायचा.

आठ मार्चला शिमग्याची पालखी आमच्या दारात. त्याच्या आत करून ठेवायचं. दादा येईल असं नाही. पण ठेवायचं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

तबकडी सुटली!

दुकानात भिंगं येतात ती गोल, अख्खी. फ्रेमच्या मापाने ती कापून, घासून बसवायचं काम माझं. आज नीलाताईंनी — दुकान त्यांचंच, डोळेही त्याच तपासतात — ओरखडे पडलेली भिंगं टाकून द्यायला काढली. एक हातात घेतलं. बाहेरून फुगीर, आतून खोलगट. दुसरं घेतलं आणि खोलगट बाजू समोरासमोर धरल्या. हुबेहूब तबकडी! रुंदी पासष्ट मिलिमीटर. विमान १४४ पट लहान. पासष्ट गुणिले एकशे चव्वेचाळीस — नऊ मीटर छत्तीस सेंटीमीटर. खऱ्या तबकड्याही साधारण एवढ्याच असतात. गुणाकार तीनदा केला.

घेऊ का, असं नीलाताईंना विचारलं. म्हणाल्या, घे, पण नंबर बघून घे, सारखे नसतील तर कडा जुळणार नाहीत. कशाला हवीत ते त्यांनी विचारलंही नाही.

येताना महाडच्या स्टँडवर दादाला सांगावंसं वाटलं. फोन काढला. पोलादपूरची गाडी लागली. फोन परत खिशात.

४ फेब्रुवारी

चिकटवली. गोंदाने आतून पांढरी वाफ धरली. चालेल, वरून रंग येणार आहे. तरी तासभर बघत बसलो.

८ फेब्रुवारी, रविवार

तबकडीचे दोन खांब मोडक्या चष्म्यांच्या काड्यांतून काढले. काडीच्या कानाकडच्या टोकाला जाड प्लास्टिक असतं ते — छान घासलं जातं. दोन्ही खांब सारखे व्हायला सात काड्या गेल्या. सहावी काडी अर्ध्या मिलिमीटरने तिरकी होती. कुणाला दिसली नसती. मला दिसत होती.

पोटाखालचे दोन फुगवटे म्हणजे चष्म्याच्या नाकावरच्या गाद्या. बारीक अँटेनांसाठी संचाचे भाग ज्या सांगाड्याला जोडलेले येतात त्याची काडी मेणबत्तीवर धरली आणि मऊ झाल्यावर ओढली. केसासारखी तार निघते. हे दादाने शिकवलेलं.

आई शेंगा सोलत होती. म्हणाली, “सगला चष्म्याचा इमान करतोस व्हय रे? म्हंजे त्याला लांबचा दिसल.”

मी म्हटलं, आई, रडारचं कामच ते. तिला वाटलं मी थट्टा करतोय.

१२ फेब्रुवारी

खिडक्या बुजवल्या. छप्पन्न. वाळल्यावर घासल्या.

१५ फेब्रुवारी, रविवार

रडारच्या विमानाला खिडक्या नसतात. आत माणसं पडद्यांसमोर बसतात. म्हणजे आत काही केलं तरी बाहेरून दिसणार नाही. तरी केलं.

एक खुर्ची. आठ मिलिमीटर. नव्या फ्रेममध्ये दाखवायला पातळ प्लास्टिकची भिंगं असतात, ती कापून. समोर टेबल, त्यावर पडदा. पुढून तिसरी, डावी बाजू. ही जागा दादाने चार वर्षांपूर्वीच सांगून ठेवली होती. “तिसरी माजी. तू मागं बस नि च्या दे.” मी म्हणायचो, विमानात चहा कोण देतं? तो म्हणायचा, “म्हणून तर तुला घेतला ना.”

खुर्ची बसवली. दोन्ही बाजू जोडल्या, चिकटवल्या, रबर लावून ठेवल्या. आता ती कुणालाच दिसणार नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सव गावाहून चांगूआबा डोळे तपासायला आले होते. तक्त्यावरची अक्षरं धडाधड वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. नीलाताईंनी न बोलता दुसरा तक्ता लावला. आबा अडले. मग म्हणाले, “बाई, मघासला माज्या आदी जो बसला व्हता ना, त्याचा आयकून पाठ केला.” सगळे हसले. नीलाताईही हसल्या.

मग त्या माझ्याकडे वळून, असंच बोलता बोलता म्हणाल्या, “ज्याला दिसत नाही ना, त्याला आपल्याला दिसत नाही हेसुद्धा कळत नाही. दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं.”

मी भिंग घासत होतो. कड जास्त गेली. दुसरं घ्यावं लागलं.

१८ फेब्रुवारी

आज लिहूनच टाकतो. इथे कोण वाचतंय!

विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा दिवा असतो, उजव्याला हिरवा. जगात सगळीकडे तसंच. आमचं पहिलं विमान लहान लढाऊ होतं, दादाने एकट्याने रंगवलेलं. तेव्हा मी दहावीत नापास होऊन नुकताच दुकानात लागलो होतो. बघितलं तर डावीकडे हिरवा, उजवीकडे तांबडा. घाईत झालं असेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो घाटरस्त्यावर धावायला गेला तेव्हा कापसाने पुसलं आणि सरळ केलं.

मग दुसऱ्या विमानावर तेच. मग आठवत गेलं — हिरव्या मिरच्यांतून पिकलेल्या वेगळ्या करायला आईने सांगितलं की तो चाचपून बघायचा. दुकानात रंगीत ठिपक्यांचं पुस्तक आहे. तांबडा-हिरवा वेगळा न ओळखणाऱ्याला त्यातली चित्रं दिसत नाहीत, ते मला माहीत झालं होतं. मला कळलं होतं!

मी काय केलं? रंगांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. ‘तांबडा’, ‘हिरवा’. सुवाच्य अक्षरात. दादा म्हणाला, भरतला सगळं नीटनेटकं लागतं. त्यानंतर ठिपके कधी चुकले नाहीत.

तो हवाई दलाची तयारी करत होता. रोज पहाटे धावायचा. पुस्तकं आणायचा. एवढं सगळं करणाऱ्याला कसं सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू. लेखी परीक्षा पास झाला, वाडीत पेढे वाटले. डोळ्यांच्या तपासणीत त्याच्यासमोर तेच पुस्तक उघडलं. तिथेच बाद झाला.

परत आला तो सरळ कपाटाकडे गेला. दोन्ही बाटल्या हातात घेतल्या. चिठ्ठ्या वाचल्या.

“तुला ठावं व्हता. मी धावत व्हतो नि तू बगत व्हतास.”

बाटल्या जागेवर ठेवल्या, नीट. फोडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात घणसोलीला गेला. गोदामात काम करतो. आईशी बोलतो, बाबांशी बोलतो. दोन वर्षं माझ्याशी एक शब्द नाही.

१९ फेब्रुवारी

काल लिहिलेलं परत वाचलं. खोडलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

मोठी चूक! तबकडी खांबांवर बसवली, विमान चाकांवर उभं केलं — आणि ते शेपटीवर बसलं. नाक वर. भिंगांचं वजन. नाकात वजन भरायला विसरलो. खुर्चीच्या नादात सगळं बंद करून टाकलं. हे कधी विसरू नये असलं काम. पण मला ते कधी लक्षात ठेवावंच लागलं नाही, बाजू जोडायच्या आधी दादा दर वेळी म्हणायचा — “नाकात वजन?”

नाक करवतीच्या पात्याने कापलं. आत बघितलं. टेबलाची कड दिसते, खुर्ची नाही.

आता जागा कमी, वजन जास्त हवं. नट भरून बघितले, पुरत नाहीत. बाबा ओटीवरून सगळं बघत होते. आत गेले आणि माळ्यावरून पाग काढून आणलं. फेकायचं जाळं. सावित्री नदीवर त्यांच्याबरोबर पाग टाकायला दादाच जायचा, मला पाण्याची भीती. कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या त्यांनी कोयत्याच्या टोकाने एकेक करून तोडल्या.

मी म्हटलं, बाबा, जाळं खराब होईल.

“साईल इल तवा परत ववू. घे. किती लागतात?”

नऊ लागल्या. विमान तीन चाकांवर उभं राहिलं. बाबांनी शेपटीवर बोट ठेवून हलकंच दाबलं, सोडलं. परत उभं राहिलं. “ऱ्हातंय,” म्हणाले.

२६ फेब्रुवारी

राखाडी रंगाचा दुसरा हात. तबकडी काळी, तिच्यावर मधून पांढरा पट्टा. आता भिंगं आहेत असं कुणी म्हणणार नाही.

१ मार्च, रविवार

सगळं झालं. फक्त पंखाच्या टोकाचे दोन ठिपके बाकी. दोन मिनिटांचं काम. केलं नाही.

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पाण्यात भिजवून काढल्या. नखाने गोंदही खरवडला. त्या चिठ्ठ्या बघवत नाहीत.

आईने दादाला फोन लावला होता. सुट्टी नाय गावत म्हणतो. मी दारामागे उभा होतो. आई म्हणाली, भरत हाय हितं, देऊ काय? मग थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, बरं, जेवून घे.

५ मार्च

विमान खिडकीत ठेवलंय. ऊन रंगाला चांगलं नाही. तरी तिथेच ठेवलंय.

७ मार्च, शनिवार

आमच्या वाडीत पालखी दारात आली की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने एक नारळ देतात. आणि ज्याचा नारळ त्याने पालखीला खांदा द्यायचा. गेली दोन वर्षं दादाच्या वाटचा खांदाही मीच दिला. आधी उजवा माझा, मग डावा त्याचा.

येताना महाडच्या बाजारातून नारळ घेतले. तीन. बाबांनी एकेक कानाशी धरून हलवून पाहिला आणि कोपऱ्यात मांडून ठेवले. तिसरा कुणाचा, असं कुणी विचारलं नाही.

८ मार्च, रविवार

सणामुळे आज रविवारीही दुकान उघडं होतं. नीलाताईंनी अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. दीडला घरी पोचलो. खुंटीला काळी पिशवी. आई म्हणाली, सकालच्या गाडीनं आला. जेवला. तुज्या इमानाजवल बसला व्हता. खिडकीपाशी गेलो. डावीकडे हिरवा, उजवीकडे तांबडा. ओलेच होते. हात आपोआप कापसाकडे गेला. मग कापूस ठेवला आणि मागच्या अंगणात गेलो. दादा पाय धूत होता. म्हटलं, दादा, दिवे उलटे झालेत.

त्याने तांब्या खाली ठेवला.

“मग आता तू सांगत जा. मी लावतो.”