भाचीचा हात आणि मामाचा पाय

मामा, १९७४ची संक्रांत, दुपारचे बरोबर चार. त्या वेळी तुम्ही भरल्या घरासमोर माझा जो अपमान केलात, त्याबद्दल हे लिहिते आहे. तुम्हाला तो मान वाटला होता, म्हणून तर राग अजून उतरत नाही.

त्याआधीचा आठवडा आठवा. उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा फुगून जांभळा झालेला, चादरीचं टोक लागलं तरी तुम्ही ओरडत होता. डॉक्टरांनी गाऊट म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. तुम्ही त्या उशीखाली सारल्यात. "पाल्यानं उतरंल की," म्हणालात. मग शाळा सुटल्यावर तळ्याच्या काठानं हिंडून निरगुडीचा पाला मी आणला. शिकवून थकलेल्या हातांनी पाट्यावर वाटला, एरंडेल घालून तव्यावर कोमट केला, गुळवेलीचा काढा आटवला. वाटी घेऊन तुमच्या पायाशी बसते आहे, तर तुम्ही पाय आखडून घेता. "आगं, भाचीच्या पाया मामानं पडायचं असतंय. भाचीचा हात मामाच्या पायाला? ते पाप मी कुटं फेडू?" मी म्हणते, "मामा, कॉन्व्हेंटात तुम्हीच घातलंत ना मला? मग आता असलं काय काढता?" तेवढ्यात तुमची मैंदर्गीची सून पदर खोचून पुढे येते. "सरका की वन्सं. तुमचं विंग्रजी त्या अंगठ्याला कळत न्हाय." आणि तुम्ही हसता. चादर सोसत नाही तो माणूस तिच्या मांडीवर टाच ठेवून हसतो! मी दाराशी रिकामी वाटी धरून उभी. रोज असंच. पाला माझा, पाय तिचा.

संक्रांतीला तिळगुळाला माणसं आली. तुम्ही पाय टेकून चालून दाखवलंत. "सुनेच्या हाताला लई गुण हाय," म्हणालात आणि मामींचं हिरवं इरकल लुगडं ट्रंकेतून काढून तिच्या ओटीत घातलंत. दुखणं आठवड्यात आपसूक उतरेल, हे डॉक्टर आधीच बोलले होते. पण मी तिळगुळाचं ताट फिरवत राहिले. मग तुम्ही माझ्याकडे वळलात, कण्हत वाकलात आणि माझ्याच पायांवर डोकं ठेवलंत. बायका कौतुकानं म्हणाल्या, "भाचीला केवढं मानतात!" मला देवी केलंत, मामा, आणि तिला लेक.

आईमागं मी सहा वर्षांची तुमच्या घरी आले. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत, कधी कान पिळला नाहीत. तुमचा मुलगा मार खायचा आणि मी त्याचा हेवा करायची, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. पाहुणीला कोण मारतं? तुमच्यामागं सूनही वारली, इरकल कुठे गेलं ठाऊक नाही, आणि मी या वयात अजून तिच्यावर जळते.

इरकल मला नकोच होतं. तुमची ती टाच एकदा माझ्या मांडीवर हवी होती. तेव्हा एवढंच सांगा: तुम्ही खरंच पापाला भ्यालात, की मी पोटची नव्हते म्हणून? हे पत्र पेटीत पडणार नाही, हे मी जाणते. ती सबब मी चालवून घेणार नाही. उत्तर लेखी हवं, तुमच्या सहीचं, या महिनाअखेरीच्या आत.